कुलथे भाऊजींची पुस्तकं

हे आजवर माझ्या तोंडातून बाहेर पडलेलं नाही. आज पडतंय तेही आधी तुमच्यासमोर, कारण तुम्ही माझे कुणी लागत नाही. ज्यांचा मी कुणी लागतो त्यांच्यासमोर बोलायची हिंमत इतकी वर्षं झाली नाही. सुनंदा, म्हणजे माझी बायको, सकाळीच लेकीकडे गेली आहे, दिवाळीचा उरलेला फराळ घेऊन. संध्याकाळी परत येईल. तोवर घरात मी आहे, स्वयंपाकघरातला खडखडणारा पंखा आहे आणि ओट्यावर एक मोठा स्टीलचा डबा आहे. डब्याचं नंतर सांगतो. आत्ताच सांगितलं तर तुम्ही मला ओळखून बसाल, आणि मला थोडा वेळ तरी तुमच्या नजरेत बरा माणूस राहायचंय.

तर—कुठून सुरू करू?

मी वाळूजच्या एका कारखान्यात क्वालिटीत आहे. दिवसभर भिंग घेऊन गिअरचे दाते बघतो आणि लोकांच्या मालातला दोष शोधण्याचा पगार घेतो. बजाजनगरात आमचं दोन खोल्यांचं घर आहे. गल्लीत मला सरळ माणूस समजतात. दारू नाही, गुटखा नाही, पत्ते नाहीत. सुनंदा तर चारचौघींत छाती फुगवून सांगते, "आमच्या ह्यांना कशाचा म्हणून नाद नाय." ती असं म्हणाली की मी हमखास कॅलेंडरकडे बघायला लागतो.

मला नाद आहे. कॉमिक्सचा.

हसलात ना? हसा. मलाही हसू येतं. पन्नाशीला टेकलेला माणूस, चष्म्याचा नंबर वाढत चाललेला, आणि रंगीत चित्रांच्या पुस्तकासाठी जीव टाकतो. पण तुम्ही खुलताबादला माझ्याबरोबर लहान असता तर इतकं हसला नसता. तिथे वेशीच्या आतल्या अंगाला एका चाचांचं सायकलचं दुकान होतं. भाड्याने सायकली आणि भाड्याने कॉमिक्स. दुकानात आडवी सुतळी बांधलेली असायची आणि तिच्यावर कॉमिक्स वाळत घातलेल्या चड्ड्यांसारखी लटकायची. आमच्या खिशात पैसे कुठले? आम्ही पंक्चरचा बहाणा करून तिथेच उकिडवे बसायचो आणि फुकट वाचायचो. चाचा काही बोलायचे नाहीत. पण त्यांनी एक नामी युक्ती केली होती. प्रत्येक कॉमिकचं शेवटचं पान त्यांनी पिना मारून बंद करून टाकलं होतं. चोर कोण, राजकन्या वाचली की नाही, सगळं त्या पिनेच्या आड. आम्ही बोट घालून डोकावायला लागलो की चाचा सायकलीच्या चाकातून मान न काढता म्हणायचे, "आखरी पान मंगता तो पैसे निकालो, मियाँ."

माझं सगळं बालपण शेवटच्या पानाशिवाय गेलं. शेकडो गोष्टी वाचल्या आणि एकीचाही शेवट माहीत नाही, असा मी मोठा झालो. नोकरीला लागलो, लग्न केलं, मुलगी झाली—आणि एक दिवस शहागंजातल्या एका रद्दीवाल्याच्या ढिगात मला ती दिसली. निळ्या टोपीवाल्या गुप्तहेराची गोष्ट. त्याला काहीतरी भारदस्त नाव होतं, पण आम्ही पोरं त्याला निळी टोपीच म्हणायचो. मी ती तिथल्या तिथे विकत घेतली. स्कूटर स्टँडवर लावली, सीटवर बसलो आणि थेट शेवटचं पान काढलं. खुनी कोण होता सांगू? निळ्या टोपीचा जुळा भाऊ. इतका फालतू शेवट मी उभ्या जन्मात वाचला नाही. मी इतका हसलो की शेजारच्या चहावाल्याने न मागता पाणी आणून दिलं. त्या दिवशी मी घरी शीळ घालत आलो. लग्नानंतर पहिल्यांदा, असं सुनंदा म्हणाली.

आणि तिथून गाडी घसरली.

आधी रद्दीवाले, मग मोबाइलवरचे ग्रुप. देशभरातले माझ्यासारखेच टकले, पोट सुटलेले लोक तिथे भेटले. कुणी बँकेत, कुणी शाळेत, एक तर दातांचा डॉक्टर. सगळे रात्रंदिवस एकच बोलायचे: कुठला अंक कुणाकडे आहे, पाठीची पिन गंजली आहे का, कोपरा दुमडला आहे का. तिथे मला कळलं की चाचांच्या सुतळीवर लटकणारी वस्तू आता लोक हात धुऊन, पुसून, प्लॅस्टिकच्या पिशवीत ठेवतात. आणि तिची किंमत—काय सांगू? एका अंकाला मी एकदा जे दिलं त्यात सुनंदाचं शिलाई मशीन बदलून झालं असतं आणि वर फ्रिजही आला असता. सुनंदा घरी साड्यांना फॉल-पिको करून देते. तिच्या जुन्या मशीनचं पायडल दर चार टाक्यांनी अडकायचं. ती वाकून, चाकाला तेल घालून, त्याला चुचकारून काम करायची. आणि मी पलीकडच्या खोलीत मोबाइलवर बोली लावत असायचो.

पैसा कुठून आणला? ओव्हरटाइमचा. सुनंदाला सांगितलं होतं की कंपनीने ओव्हरटाइम बंद केला. कंपनीने कुठे बंद केला होता? मीच बंद केला होता, फक्त घरापुरता. दिवाळीचा बोनसही दरवर्षी कापला जायचा, बिचारी कंपनी नेहमी तोट्यात. एवढं खोटं बोलणारा मनुष्य मी आहे हे मलाही तोवर ठाऊक नव्हतं.

पण हेही खरं खोटं नाही. म्हणजे—खोटं आहेच, पण ज्याच्यासाठी मी हे सांगतोय ते खोटं वेगळंच.

एका रविवारी कपाट सरकवताना सुनंदाला मागची पिशवी सापडली. तिने सगळ्या कॉमिक्स पलंगावर पसरल्या आणि विचारलं, "अहो, हे कुणाचं?" मी खिडकीत उभा होतो. समोरच्या इमारतीवर डॉ. कुलथेंच्या दाताच्या दवाखान्याची पाटी होती. मी म्हणालो, "कुलथेचं."

झालं. तिथेच तो जन्माला आला.

कुलथे कोण? आमच्या कंपनीतला, स्टोअरमधला. राहतो कुठे? लासूर स्टेशनला, रेल्वेने ये-जा करतो. लासूरच का, तर तिथे सुनंदाचं कुणी नातेवाईक नाही. मग त्याची पुस्तकं आपल्याकडे कशी? कारण त्याची बायको कजाग आहे, घरात दिसली तर रद्दीत घालेल. एकामागोमाग एक, इतक्या सफाईने मी सांगत गेलो की माझं मलाच कौतुक वाटलं. सुनंदाने सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाली, "दुसऱ्याची ठेव हाय मंग. अशी धुळीत नका टाकू." दुसऱ्या दिवशी तिने पत्र्याची पेटी रिकामी केली, तळाला कडुलिंबाचा पाला घातला, त्यावर स्वतःचं धुवट लुगडं अंथरलं आणि माझा सगळा खजिना त्यात नीट रचून ठेवला. एक पेटी भरल्यावर दुसरी आली. माझी पुस्तकं म्हणून तिने ती कधी सोडली नसती. दुसऱ्याची म्हणून देवासारखी जपली. आणि मी? मी सुटलो म्हणून खूश होतो. खूशच होतो हो, उगाच कशाला नाही म्हणू.

मग दिवाळी आली आणि फराळाचा डबा आला.

तुम्हाला ठाऊक आहे आपल्याकडची रीत. ज्याच्याशी संबंध आहे त्याच्याकडे डबा जातो. सुनंदाने सकाळीच माझ्या हातात डबा दिला, चिवडा, शेव, शंकरपाळे, अनारसे. "कुलथे भाऊजींना." मी तो डबा कंपनीत नेला, जेवणाच्या सुट्टीत स्कूटर स्टँडमागच्या लिंबाखाली बसलो आणि कुलथेच्या नावाने पोटभर खाल्लं. अनारसे फार छान झाले होते. उरलेलं मशीनवरच्या पोरांना वाटलं. संध्याकाळी डबा धुऊन घरी दिला. सुनंदाने झाकण काढून आत बघितलं आणि डबा फळीवर ठेवून दिला. जेवताना मात्र हळूच म्हणाली, "वहिनींनी डबा रिकामाच दिला व्हय?"

मी कानकोंडा झालो. खरं सांगतो, नसलेल्या बाईची मला लाज वाटली. आलेला डबा रिकामा परत द्यायचा नसतो, निदान चार दाणे साखरेचे तरी टाकायचे, हे कुठल्याही बाईला कळतं, आणि माझ्या कुलथे वहिनीला कळलं नाही? पुढच्या वर्षी मी डबा भरून आणला. सीताफळं घेतली, दौलताबादच्या घाटाखाली पाट्या घेऊन बसतात त्यांच्याकडून. त्याच्या पुढच्या वर्षी पेरू. मग एकदा हौस आली म्हणून गुलमंडीवरून बेसनाचे लाडू घेतले आणि कागद फेकून डब्यात रचले. सुनंदाने एक तोंडात टाकला आणि डोळे मिटले. "वहिनींच्या हाताला चव हाय. काय घालतात विचारा बरं." आता मी काय सांगणार? दोन दिवसांनी सांगितलं, "चिमूटभर मीठ." तिने घालून बघितलं—आणि लाडू खरंच चांगले झाले. तेव्हापासून आमच्या घरी बेसनाच्या लाडवात मीठ पडतं. लेकीच्या सासरीही आता कुलथे पद्धतीचेच लाडू होतात.

बघता बघता तो माणूस आमच्या घरातला झाला. त्याला सर्दी झाली की सुनंदा काढा सांगायची. त्याच्या कजाग बायकोवरचा तिचा राग सीताफळांनंतर पार मावळला. "तुमीच कायबाय ऐकून येता. बाई मनाची चांगली असणार." आणि मला, सांगायला लाज वाटते, मला मजा येऊ लागली होती. कंपनीतून येताना आज कुलथे काय म्हणाला हे मी जुळवत यायचो. माझ्यापेक्षा तो विनोदी होता. माझ्यापेक्षा दिलदारही.

आणि मग सुनंदा कॉमिक्स वाचू लागली.

दुपारी मशीनवर बसून पाठ धरली की ती पेटी उघडायची. साबणाने हात धुवायची, पदराला पुसायची, आणि एकच काढायची. दुसऱ्याची वस्तू ना. मला एकदा लवकर सुटी झाली, मी घरात आलो तर ती जमिनीवर पालथी पडून, कोपरं टेकून, पाय वर हलवत वाचत होती. लग्नाआधी ती कशी दिसत असेल ते मला त्या दिवशी दिसलं. मला बघून ती उठली नाही. एवढंच म्हणाली, "थांबा, दोन पानं राहिली."

ती निळ्या टोपीची गोष्ट होती. जुळ्या भावाची नव्हे, दुसरी. त्यात शेवटी त्याला विहिरीत ढकलतात आणि वर दगडी झाकण लावतात. खाली लिहिलेलं: उरलेला भाग पुढच्या अंकात. सुनंदाने पुस्तक मिटलं आणि विचारलं, "पुढचा हाय का कुलथे भाऊजींकडं?"

आता ऐका. इथे यायचं मी टाळत होतो इतका वेळ.

पुढचा अंक माझ्याकडे होता. मघाशी म्हणालो ना, शिलाई मशीन आणि फ्रिज—तोच. एकही हात न लागलेला, पाठीची पिन चकाकणारी, जाड प्लॅस्टिकमध्ये बंद. तो पेटीत नव्हता. माझ्या कपाटात, विम्याच्या कागदांखाली होता. मी तिच्याकडे बघितलं—धुतलेले हात, कपाळावर घाम, डोळ्यांत लहान पोरीसारखी वाट बघणं—आणि माझ्या मनात काय आलं असेल? हिच्या हाताला मशीनचं तेल असतं.

मी म्हणालो, "नाही. कुलथेकडे तो नाही."

चाचांनी निदान पैसे मागितले होते. मी तर तिच्याच पैशाने शेवट विकत घेऊन तिच्यापासून बंद करून ठेवला. पुढे वर्षानुवर्षं, भाजी निवडताना, बस थांब्यावर, मध्येच ती विचारायची, "तो हिरीतून निघाला असंल का हो?" आणि मी, ज्याला माहीत होतं, खांदे उडवायचो.

आता पुढचं पटकन सांगतो, कारण त्यात मी शूर कुठेच नाही.

मुलीचं लग्न ठरलं. पहिल्या पत्रिकांमध्ये कुलथेंची पत्रिका निघाली, अक्षता लावून, जोडीने आहेराच्या कपड्यांसकट. लग्नात सुनंदा दर थोड्या वेळाने कार्यालयाच्या दाराकडे बघत होती. मी आधीच एक पाकीट कुलथेच्या नावाने आहेरात सरकवलं होतं, वाटलं तेवढ्यावर भागेल. तर ती घरी येऊन ते पाकीट हातात धरून रडवेली झाली. "पाकिटाला काय करायचं? इतक्या दिवाळ्या डबा धाडला आन् मानूस दारात नाय आला. आपलं कायतरी चुकलं असणार. उद्या आपण दोघं लासूरला जाऊ, मी पाया पडून इच्यारते."

लासूरला? कुठल्या दारात?

माझ्या तोंडातून निघालं, "तो गेला, सुनंदा. लग्नाच्या आदल्या दिवशी. झोपेतच. तुला मुद्दाम सांगितलं नाही."

ती जिथे होती तिथेच खाली बसली. मग तिने पदर तोंडाला लावला. आणि मी—विश्वास ठेवा नाहीतर नका ठेवू—मीही रडलो. खोटं नाही, खरं रडलो. चांगला माणूस होता हो. मी हौसेने केला होता त्याला.

मारून सुटका होईल असं मला वाटलं होतं. उलटंच झालं. दहावं-तेरावं नागपूरला भावाकडे झालं, असं सांगून मी सुनंदाला घरी थोपवलं. पण ती पेट्यांकडे बोट दाखवून म्हणाली, "आता ही पुस्तकं आपल्या घरात नाय ठेवायची. मेल्या मान्साची ठेव हाय, त्याच्या बायकोला द्या. ती रद्दीत घालू द्या नायतर चुलीत घालू द्या. तिची हायेत." मी पुष्कळ खळखळ केली. ती ऐकेना. आपल्याच पुस्तकांचा धनी मी आपल्याच तोंडाने मारला होता, आता कुणाकडे दाद मागणार?

टेम्पो बोलावला. पेट्या उचलण्याआधी सुनंदाने एक साडी आणली. दुखवट्याला रिकाम्या हाती जात नाहीत. पण ही काही कसलीतरी दुखवट्याची साडी नव्हती. गर्द हिरवी, मोरपिशी काठाची. दुकानात बघून ठेवलेली. "पांढरी-बिंढरी नाय देनार मी. नवरा गेला म्हणून रंग कशाला जायला पायजे?" तिने रात्री बसून तिला हाताने फॉल लावला. मशीनवर नाही, हाताने. टाके असे बारीक की माझ्या भिंगालाही दोष सापडू नये. पेटीत कॉमिक्सवर ती साडी ठेवली, वरून हात फिरवला आणि झाकण लावलं.

वहिनी अजून कुणाला भेटत नाहीत, असं सांगून मी एकटाच निघालो. टेम्पो हायवेपर्यंत गेला, तिथे मी चहा प्यायलो, आणि मग टेम्पो वळवून मी परत बजाजनगरातच आणला. आमच्यापासून चार गल्ल्या सोडून एक दहा बाय दहाची खोली भाड्याने मिळाली. मालकीणबाईंनी नाव विचारलं. तोंडातून कुलथेच निघालं. तर असा तो बिचारा पुन्हा जिवंत झाला. दर रविवारी मी पाय मोकळे करायला म्हणून निघतो, चार गल्ल्या ओलांडून कुलथे होतो, साडी अलगद उचलून खाटेवर ठेवतो, वाचतो, साडी परत ठेवतो आणि नवरा होऊन घरी येतो. मालकीणबाई विचारतात, "कुलथे काका, वहिनी नाय दिसल्या कधी?" मी म्हणतो, लासूरला असते.

डबा बंद झाला असेल असं वाटलं तुम्हाला? आता तर वहिनी एकटी. दर दिवाळीला डबा जातोच, अनारसे दोन जास्त. आणि डबा परत आला की सुनंदाचा प्रश्न ठरलेला, "वहिनींनी साडी नेसली का हो?" मी काहीतरी सांगून वेळ मारून न्यायचो. कालपरवा, पाडव्याला, ती पुन्हा तेच विचारू लागली. पुऱ्या तळत होती. मी सहज म्हणालो, "नेसल्या होत्या. छान दिसत होत्या."

तिचा चेहरा असा उजळला की काय सांगू. झारा तसाच हातात धरून ती माझ्याकडे वळली. "खरंच? मला वाटलंच होतं. हिरवा रंग सावळ्या मान्साला लई खुलतो."

वहिनी सावळी आहे असं मी कधी म्हणालो होतो? सावळी सुनंदा आहे. दुकानात तिने ती साडी स्वतःच्या अंगावर लावून बघितली असणार. आवडली असणार. मग घडी घालून नसलेल्या बाईला देऊन टाकली, आणि इतकी वर्षं ती कुणाला तरी खुलून दिसावी म्हणून वाट बघत राहिली. आणि दिसली हे कळल्यावर किती आनंद झाला तिला. रागावली असती, भांडली असती, तर मी अजून दहा वर्षं खोटं रेटलं असतं. तिच्या त्या आनंदासमोर मला उभं राहवेना.

आज सकाळी ती लेकीकडे निघताना म्हणाली, "वहिनींकडनं डबा आणायचा राहिलाय तेवढा आणा." मी आणलाय. चार गल्ल्या सोडून जाऊन आणलाय. येताना कुलथेने खोली सोडली, मालकीणबाईंना नमस्कार केला. पेट्या संध्याकाळी टेम्पोवाला आणून टाकणार आहे, इथे, याच घरात, पुढच्या दारातून.

डबा रिकामा नाही. रीत मोडायची नसते. तळाला ती हिरवी साडी आहे, घडीही न मोडलेली, कडेने तिचे टाके. आणि साडीवर निळ्या टोपीचा पुढचा अंक. प्लॅस्टिक मी कात्रीने कापून टाकलं. सर्रकन आवाज आला आणि मला भलतंच हलकं वाटलं, त्या शहागंजातल्या दिवसासारखं. डब्याला अजून चिवड्याच्या तेलाचा वास आहे, पुठ्ठ्यावर डाग पडतील. माझ्या ग्रुपवरच्या एखाद्याने हे बघितलं तर तो चक्कर येऊन पडेल.

तो विहिरीतून निघतो की नाही हे तुम्हाला सांगणार नाही. तिने आधी वाचायचंय.

ती येईल, पदराने घाम पुसेल, पाणी प्यायच्या आधी डब्याचं झाकण काढेल. नेहमी तसंच करते. मग ती मला जे विचारेल त्याची उत्तरं मी देईन, एकेक करून. कुलथे नावाचा माणूस कधीच नव्हता. त्याची बायको नव्हती. ओव्हरटाइम बंद झाला नव्हता. पुस्तकं माझी आहेत आणि अंक माझ्याकडे होता, तू विचारलंस त्या दुपारीही होता. लाडवातलं मीठ तेवढं खरं निघालं.